लहान विद्यापीठातलं भौतिकशास्त्र: तीन शिक्षक, आठवड्याला २० तास. संशोधन कुठून सुरू करू?

नवा_मास्तर

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैत एका लहान राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संकुलात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालो. मंजूर जागा सात, प्रत्यक्षात आम्ही तिघं. बाकीचे तास सीएचबीवाले, म्हणजे तासावर पैसे मिळणारे शिक्षक, सांभाळतात. यूजीसीच्या २०१८च्या नियमात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन आहे, माझे प्रॅक्टिकल धरून २० होतात. वर नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या, फायली आणि परीक्षेचं काम आलंच.

पीएच.डी. एका मोठ्या संस्थेत झाली, लेझरने थिन फिल्म, म्हणजे पदार्थाचा अतिशय पातळ थर, बनवण्यावर. इथे व्हॅक्यूम पंप आहे, पण एका सीलसाठी दोन वर्षं बंद. कोटेशनं तीनदा मागवून झाली. दुपारी व्होल्टेज उतरतं. मुलं बहुतेक खेड्यांतून येतात, शेवटची एसटी सव्वापाचला, त्यामुळे संध्याकाळी लॅब चालवता येत नाही. पण मुलं जिद्दीची आहेत, खोदून प्रश्न विचारतात, आणि त्यांना शिकवायला मला मनापासून आवडतं.

जुने गाइड म्हणतात, सुट्टीत इकडे ये, आमच्या मशीनवर काम कर, पेपर निघत राहतील. कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, दृष्टीने ते सोयीचंही आहे. पण मग संकुलात मी फक्त शिकवायचं आणि संशोधन दुसऱ्याच्या घरी? अशा ठिकाणी ज्यांनी वर्षं काढली आहेत त्यांनी सांगावं, तुम्ही काय केलंत?

काचपट्टी

सर, मी १९९३ साली अशाच एका विद्यापीठात लागले आणि २९ वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. तुमचे गाइड जे सांगताहेत ते मी चार वर्षं केलं. दिवाळीत आणि उन्हाळ्यात जुन्या लॅबमध्ये जायचं, पेपरवर तिसरं-चौथं नाव, आणि परत आलं की कपाटाला कुलूप. चार वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला मी कशावर काम करते हे सांगता आलं नसतं. तिकडे जरूर जा, पण मोजमापाला जा. प्रश्न मात्र इथलाच हवा, इथल्या टेबलावर निघालेला.

तुम्ही फिल्मवालेच आहात, म्हणून सांगते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मचं काम एवढं वाढलं त्यात रासायनिक पद्धतींचा वाटा मोठा आहे. बीकर, गरम पाणी, काचपट्टी. व्हॅक्यूम लागत नाही. कॅडमियमच्या क्षारात अमोनिया घातला की कॅडमियम त्यात बांधलं जातं आणि सावकाश सुटतं. थायोयुरियातून सल्फर येतं, आणि काचेवर पिवळा थर बसतो. अमोनिया कमी पडला तर सगळं द्रावणातच घाईघाईने खाली बसतं, काचेवर नुसती भुकटी, बोट लावलं की निघते.

आमच्याकडे हे एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल होतं. एकदा एका मुलीने पट्टी बाहेर काढली. सगळीकडे छान पिवळा थर, आणि मधोमध अंगठ्याएवढी जागा कोरी. धुताना तिने तिथे धरलं होतं. ती म्हणाली, ‘मॅडम, एवढ्याशा तेलाने थर बसत नाही, तर मग बसतो तेव्हा तो नक्की कशाला धरून बसतो?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण मला नीट सांगता येईना. पुढची तीन वर्षं आमच्या संकुलातले प्रकल्प याच एका गोष्टीवर होते: काच कशी धुतली तर थर कुठून धरायला लागतो.

जाडी आम्ही वजनाच्या फरकावरून काढायचो. २०० नॅनोमीटरचा थर १० चौरस सेंटीमीटरवर बसला तर त्याचं वजन जेमतेम १ मिलिग्रॅम भरतं, आणि आमचा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. म्हणजे दहा टक्क्यांची चूक तिथेच. मुलं स्वतः हा हिशेब करायची, मग बारा जणांच्या बारा पट्ट्या फळ्यावर मांडून कोणाचा आकडा कुठे गेला यावर भांडायची. मोजमापात चूक किती असेल याचा अंदाज कसा बांधायचा हे मी व्याख्यानात दहा वेळा सांगितलं असेल, ते शिकली मात्र त्या तराजूपाशी.

वीज गेली की गरम पाण्याचं काम बंद. तेव्हा आम्ही सिलार पद्धतीवर आलो. धन आयनाचं बीकर, साधं पाणी, ऋण आयनाचं बीकर, पुन्हा पाणी. पट्टी हाताने बुडवत राहायची. खोलीच्या तापमानाला चालतं. एक मुलगी बुडवायची, दुसरी मोठ्याने आकडे मोजायची, साठ फेऱ्या. त्या दिवशी व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटायचं शाळा भरली आहे.

एक्सआरडीसारखी (क्ष-किरणांनी थराची स्फटिकरचना पाहण्याची) मोजमापं बाहेर करा. इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र विद्यापीठांसाठीच आहे, मुंबईत आयआयटीचं सैफ हे उपकरण केंद्र आहे. वर्षभराचे नमुने एकदम न्या, आणि दरवेळी एक विद्यार्थी बरोबर घ्या. परत आल्यावर बाकीच्यांना तोच सांगतो.

आता तुम्हाला एक सोय आहे जी आम्हाला नव्हती. नव्या धोरणात एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक संशोधन प्रकल्पाला आहेत. ते तास तुमच्या वर्कलोडमध्ये लावून घ्या, वेळापत्रक ठरायच्या आधी. नंतर कोणी ऐकत नाही. आणि प्रत्येकाला वेगळा विषय देऊ नका. एकच प्रश्न, बारा तुकडे, आणि लॅबमध्ये एक बांधीव वही, जिच्यात पाणी कुठलं, तापमान किती, कोणी बुडवलं हे रोज लिहायचं. मुलं दोन वर्षांत जातात, वही राहते.

परीक्षानळी

मी रसायनशास्त्राची. मॅडमचं पटलं, पण कॅडमियमबद्दल मला बोलायलाच हवं. ते विषारी आहे, शरीरातून लवकर निघत नाही, आणि लहान विभागांत वापरलेलं द्रावण सर्रास बेसिनमध्ये जातं. दर वर्षी बारा मुलं म्हणजे वर्षाला किती लिटर? एम.एस्सी.ला तांब्याचं ऑक्साइड घ्या. कॉपर सल्फेट आणि सोडियम थायोसल्फेट एका बीकरमध्ये, दुसऱ्यात गरम सोडियम हायड्रॉक्साइड. रंगही दिसतो आणि बँडगॅपही (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) काढता येतो. सोडियम हायड्रॉक्साइड गरम असतं, तेव्हा चष्मा आणि हातमोजे मात्र हवेतच. तांब्याचं वापरलेलं द्रावणही कॅनमध्ये साठवा.

काचपट्टी

अगदी बरोबर. शेवटची बरीच वर्षं आम्हीही तांब्यावरच होतो, आणि कॅडमियमच्या पाण्याचे कॅन वेगळे ठेवून लेबल लावत होतो. पहिल्या वर्षांत मात्र हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याची टोचणी आहे.

तासिका_तत्त्व

मी नऊ वर्षं सीएचबीवर आहे, नेट आणि पीएच.डी. दोन्ही झालेलं. तुमच्यासारख्याच एका संकुलात प्रॅक्टिकलच्या अर्ध्या बॅचेस माझ्याकडे आहेत. पैसे तासाचे मिळतात, गाइड होता येत नाही, मे महिन्यात नाव हजेरीपटावरूनच जातं. मॅडम म्हणतात ती वही आमच्याकडे मीच लिहितो. नवा_मास्तर, एक विनंती आहे. पेपर निघेल तेव्हा ज्याने बॅच घेतली त्याचं नाव आभारात नको, लेखकांत घाला. मुलाखतीच्या वेळी आम्हाला तेवढंच दाखवता येतं.

नवा_मास्तर

सर, तुमचं नाव लेखकांतच असायला हवं, आणि आमच्या इथल्या सरांचंही असेल. हे मी इथे सगळ्यांदेखत लिहून ठेवतो.

आज रसायन विभागात जाऊन तराजू पाहिला. ०.१ मिलिग्रॅमचा आहे, झाकणाची एक काच फुटलेली, पंखा चालू असला की आकडा हलतो. लॅब असिस्टंटने सकाळी नऊला, पंखे बंद असताना, तासभर द्यायचं कबूल केलंय. काचपट्टी मॅडम, तांब्याच्या फिल्मसाठी काच धुताना क्रोमिक अ‍ॅसिड वापरत होता का? क्रोमियमचाही तोच प्रश्न येतो ना? नुसत्या साबणाच्या पाण्याने आणि अ‍ॅसिटोनने भागत असेल तर सोमवारच्या बॅचला तसंच सुरू करतो.