पावडर सुटली, संगत सुटली, मग टेन्शन आलं की तलफ का येते?

सुदामानगरची_ताई
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. धाकटा भाऊ ब्राउन शुगरवर होता, म्हणजे कच्चं हेरॉइन, तीच पावडर. अफूचा पट्टा मंदसौर-नीमचचा, इथे माल पोचायला कितीसा वेळ लागतो. दिवाळीपासून बंद आहे, तलफ आवरायला डॉक्टरांची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे, ती जिभेखाली ठेवायची. नंबर बदलला, जुने दोस्त तोडले, त्या गल्लीतून जात पण नाही. आणि गेल्या आठवड्यात क्लॉथ मार्केटमध्ये जिथे कामाला आहे तिथे शेठने चार गिऱ्हाइकांसमोर हिशोबावरून झापलं, चूक याची नव्हतीच हे नंतर निघालं. घरी आला, जेवला नाही, जिन्यात बसून चपलेचा पट्टा नखाने सोलत राहिला आणि मग म्हणाला ताई आज फार वाटतंय ओढावंसं. ना माल समोर, ना कोणी दोस्त, मग हे आलं कुठून? आई म्हणते मन कच्चं, सगळे बहाणे, आणि ही गोळी पण नशाच, ती पण बंद करा. टेन्शनने खरंच मेंदूत काही होतं की आई म्हणते तेच बरोबर?

इंदौरी_भिया
टेन्शन कोणाला नाही ताई? मला पण शेठ रोज झापतो, मी काय पावडर ओढतो का. जरा कडक राहा, पोरगं लाइनीवर येईल.

ओपीडीवाला
भिया, तुम्ही कधी ओढलीच नाही म्हणून तुमचा मेंदू वेगळा वागतो, मुद्दा तोच तर आहे.

ताई, बहाणा नाही हा. तलफ दोन-तीन वाटांनी येते. एक म्हणजे जुनी जागा, जुना माणूस, ओढायची चांदी (फॉइल) नाहीतर लायटर दिसलं की. ती वाट तुम्ही बरीचशी बंद केलीत. दुसरी वाट टेन्शनची, तिला समोर काही दिसायची गरजच नसते. १९९५ साली शहाम आणि स्टुअर्ट या संशोधकांनी कॅनडात उंदरांवर काम केलं होतं. खटका दाबला की हेरॉइन मिळतं हे उंदीर शिकलेले, मग हेरॉइन बंद केलं, दाबून काही मिळेना तेव्हा त्यांनी दाबणं सोडलं. मग पायाला थोडा वेळ हलके शॉक दिले, तर पुन्हा खटका दाबायला लागले, माल येत नव्हता तरी! पुढे असंही दिसलं की क्लोनिडिनसारखं बीपीचं औषध आधी दिलं तर शॉकने येणारी ही ओढ थांबते, पण मालाचाच थोडा डोस देऊन जागवलेली ओढ थांबत नाही. म्हणजे वाटाच वेगळ्या.

आत काय होतं तर टेन्शन आलं की मेंदूत सीआरएफ नावाचं रसायन सुटतं, त्याने कॉर्टिसॉल वाढतं हे एक, पण तेच सीआरएफ आणि नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं दुसरं रसायन भीती-बेचैनी सांभाळणाऱ्या अमिग्डाला आणि शेजारच्या भागातही काम करतं आणि तिथून ओढ जागी होते. त्याच वेळी कपाळामागचा, विचार करून थांबवणारा भाग ढिला पडतो. अॅक्सिलरेटर दाबलेला आणि ब्रेक लागत नाही, असं दोन्ही एकदम.

आणि अफूच्या जातीची नशा मुळात ही टेन्शनची यंत्रणा दाबून ठेवते. वर्षानुवर्षं दाबली आणि मग सोडली की ती उसळते, साध्या झापण्याने पण शरीर मोठं संकट आल्यासारखं वागतं. मेरी जीन क्रीक या संशोधक बाईंनी न्यूयॉर्कला हेच दाखवलं की हेरॉइन घेणाऱ्यांची ही यंत्रणा बिघडलेली असते आणि मेथाडोन या उपचाराच्या औषधाच्या रोजच्या स्थिर डोसवर ती हळूहळू ताळ्यावर येते. तुमच्या भावाची गोळी त्याच कुळातली, म्हणून आईला सांगा नशा ती जी चढते-उतरते, ही तर सपाट ठेवते. घरच्या घरी बंद करू नका. बंद केली, शरीराची सवय गेली आणि मग त्याने जुन्याच मापाने पावडर ओढली तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो.

आजचा_दिवस
मी पण पावडरवालाच, आता बंद आहे. ताई, एक गोष्ट आतली सांगतो. टेन्शनची तलफ "मजा येईल" अशी येत नाही. पोटात गोळा, जबडा आवळलेला, हाताला काहीतरी पाहिजे, आणि वाटतं हे आत्ता बंद झालं पाहिजे बस. कधीकधी भांडणाच्या वेळी काहीच होत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी एकटा असताना येतं आणि घरच्यांना वाटतं आता काय झालं याला. मी दिवस बघून ठरवतो, रात्री झोप नाही आणि सकाळी पोहे पण नाही खाल्ले तर त्या दिवशी उधारीवाल्याचा फोन उचलत नाही. आणि घरचे खिसे तपासतात ना, ते पण टेन्शनच असतं बरं का, सगळ्यात मोठं. तुमचा भाऊ स्वतः येऊन बोलला, माझ्यासारख्याला हे जमायला लई वेळ लागला, त्याला त्याबद्दल बोल लावू नका.

सुदामानगरची_ताई
खिसे आई तपासते, रोज. @ओपीडीवाला ते क्लोनिडिन माणसांना देतात का?

ओपीडीवाला
देतात, पावडर सोडवताना अंग तुटतं त्यासाठी जुनं औषध आहे. बाल्टिमोरमध्ये ब्युप्रेनॉर्फिनसोबत देऊन बघितलं, २०१५ ला छापून आलं, टेन्शन येतच होतं पण मध्यम टेन्शनला तलफ तेवढी चिकटून येईना आणि लोक जास्त सलग दिवस कोरडे राहिले. पण बीपी पाडतं, एकदम बंद केलं तर उलट उसळतं, त्यामुळे मेडिकलवरून स्वतः आणायचं नाही. आणि मोठ्या टेन्शनला तेही पुरत नाही हे धरून चाला. सीआरएफ थेट अडवणारी औषधं पण काढली होती, उंदरांत छान चालली, माणसांत फसली.

सुदामानगरची_ताई
शुक्रवारी ओपीडीला आईला पण नेतेय. ती डॉक्टरांना पहिलाच प्रश्न गोळी कधी बंद विचारणार.

ओपीडीवाला
विचारू द्या. तुम्ही दुकानातला प्रसंग आणि त्या दिवसाची झोप सांगा, डॉक्टरांना तेच लागतं. मध्ये रात्री-बेरात्री अडलं तर १४४४६ नशामुक्तीचा फुकट नंबर आहे, १४४१६ टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, दोन्ही सेव्ह करून ठेवा, भावाच्या फोनमध्ये पण.