मदत हवी आहे : दाताची कॅप घशात गेली, पोटाच्या एक्स-रेमध्ये दिसत नाही

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातील एका गावात राहतो. माझ्या वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे. गेल्या आठवड्यात जळगावच्या एका दवाखान्यात, रूट कॅनल झालेल्या दाढेवर कॅप बसवून पाहत असताना ती डॉक्टरांच्या बोटांतून निसटून घशात गेली. वडिलांना जोराचा ठसका लागला आणि थोड्या वेळात थांबला. त्यावरून, कॅप पोटात गेली असून दोन-चार दिवसांत शौचावाटे पडेल, असे आम्हाला सांगण्यात आले.

तेव्हापासून शौचावर लक्ष ठेवूनही कॅप मिळालेली नाही आणि काल काढलेल्या पोटाच्या एक्स-रेमध्येही ती दिसली नाही. कॅप आतून धातूची व वरून सिरॅमिकची होती. वडिलांना ताप किंवा धाप नाही. मात्र ते अनेक वर्षे विडी ओढत असल्याने सकाळचा खोकला त्यांना नेहमीचाच आहे, त्यामुळे ‘नवीन खोकला सुरू झाला का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाचे खात्रीने उत्तर देता येत नाही. कॅप नकळत पडून गेली, असे समजावे, की छातीही तपासावी? शेजारी केळी खाऊ घालण्यास सांगत आहेत (आमच्या भागात दुसरे काय सांगणार!), तर आत्याबाई एरंडेल देण्याचा आग्रह धरून बसल्या आहेत.

प्रतिसाद :

मी दंतवैद्य असून धुळ्यात व्यवसाय करतो. छातीचा एक्स-रे आजच काढावा, समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून, आणि त्यात मानेचा भागही घ्यावा. धातूची कॅप एक्स-रेमध्ये ठळक दिसते. त्यामुळे ओटीपोटासह संपूर्ण पोट फिल्ममध्ये आले असूनही ती दिसत नसेल, तर ती एकतर बाहेर पडली आहे किंवा पोटाच्या वर कुठेतरी आहे. ठसका थांबला एवढ्यावरून श्वासमार्ग मोकळा आहे, असे धरता येत नाही. उजवी मुख्य श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि अधिक उभी असल्याने वस्तू बहुतेक वेळा तिकडे जाते, आणि ती लहान शाखेत अडकली तर काही दिवस कोणताच त्रास न होता पुढे ताप किंवा न्यूमोनिया होऊ शकतो. अशा वेळी वाट न पाहता छातीच्या तज्ज्ञांकडून दुर्बिणीने, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीने, ती काढून घ्यावी लागते. उशीर झाल्यास भोवती सूज येऊन काम अवघड होते.

गिळलेल्या वस्तूंपैकी साधारण ८० ते ९० टक्के वस्तू आपोआप पडतात, हे खरे आहे. परंतु हा दिलासा वस्तू अन्नमार्गातच आहे हे फिल्मवर पाहिल्यानंतर द्यायचा असतो. (रूट कॅनल करताना वापरतात त्या सुईसारख्या अवजारासारखी, म्हणजे फाइलसारखी, टोकदार वस्तू पोटात गेली असती, तर मी तिथेही थांबा म्हटले नसते.) एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नये, उलटीही करवू नये. केळी खाण्यास हरकत नाही, पण तो उपचार नव्हे. दवाखान्याकडून कॅपचा प्रकार, आकार आणि घटनेची वेळ लिहून घ्यावी. एक्स-रे पाहणाऱ्यांना ती माहिती लागते. अचानक धाप लागली, थुंकीतून रक्त आले किंवा पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या, तर १०८ वर फोन करावा.

धागाकर्ता :

आभारी आहे. आज दुपारीच एक्स-रे काढण्यास निघत आहोत. कॅप छातीत दिसल्यास ब्रॉन्कोस्कोपीची सोय जळगावात होते, की नाशिक गाठावे लागते, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?