98.4 पर्सेंटाइलवर मुंबईत कॉम्प्युटर मिळेल का, हे कसे अजमावावे?

पालक, डोंबिवली

माझ्या मुलीला यंदा एमएचटी-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात 98.4 पर्सेंटाइल मिळाले आहेत. प्रवर्ग ओबीसी असून जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर ही दोन्ही प्रमाणपत्रे तयार आहेत. तिला कॉम्प्युटर किंवा आयटी शाखा हवी आहे. माटुंग्याचे व्हीजेटीआय, अंधेरीचे सरदार पटेल आणि चेंबूरचे व्हीईएसआयटी ही तिच्या मनातली महाविद्यालये. क्लासचे सर ‘नक्की मिळेल’ म्हणतात, मोबाइलवरचे प्रेडिक्टर एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा ठोकताळा नको, पद्धत सांगावी, ही विनंती.

माजी विद्यार्थी, ठाणे

पर्सेंटाइल तूर्त बाजूला ठेवा आणि गुणवत्ता यादीतला मेरिट नंबर धरा. आपल्या मागे किती टक्के परीक्षार्थी आहेत एवढेच पर्सेंटाइल सांगतो, आणि तोही प्रत्येक सत्राचा स्वतंत्रपणे काढून मग एकत्र केलेला असतो. परीक्षेला तीन लाख मुले बसली तर 98.4 च्या पुढे सुमारे 4,800 मुले असतात आणि चार लाख बसली तर 6,400. त्यामुळे मागच्या वर्षी याच पर्सेंटाइलला जे मिळाले ते यंदाही मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

सीईटी कक्षाची मागील वर्षांची कटऑफ यादी (कोणत्या क्रमांकापर्यंत प्रवेश मिळाला त्याची) उघडलीत, तर प्रत्येक चौकटीत आधी मेरिट नंबर आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल दिसेल. बहुतेक जण कंसातला आकडा पाहतात. तुलना करायची ती वरच्या आकड्याशी. रकानाही नेमका निवडावा लागतो. ‘जीओबीसीएच’ मध्ये ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण आणि शेवटचा ‘एच’ म्हणजे गृहविद्यापीठाच्या (ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात बारावी झाली त्याच्या) जागा. ‘ओ’ असेल तर गृहविद्यापीठाबाहेरच्यांसाठी, ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय. ‘एल’ ने सुरू होणारे रकाने मुलींच्या राखीव जागांचे आहेत. आपल्या मुलीसाठी ओबीसीचे ‘जी’ आणि ‘एल’ दोन्ही रकाने पाहावेत, शिवाय खुल्या वर्गाचेही, कारण त्या जागांवरही तिचा हक्क आहे. प्रवेशाच्या पहिल्या फेरीबरोबर शेवटच्या फेरीचाही आकडा टिपून घ्यावा. त्या दोहोंमधले अंतर हीच खरी आशेची जागा असते.

एक पथ्य पाळावे: त्या शाखेची प्रवेशक्षमता यंदा बदलली आहे का, हे आधी तपासावे. कॉम्प्युटरची एखादी तुकडी वाढली की जुना कटऑफ मागे पडतो.

अध्यापक, मुंबई

वरील पद्धत योग्य आहे. स्पष्टच सांगायचे तर, व्हीजेटीआयच्या कॉम्प्युटरचा खुल्या वर्गाचा कटऑफ 99 च्या बराच वर असतो आणि ओबीसी प्रवर्गातही तो फार खाली येत नाही, त्यामुळे ती आशा धरू नये. त्याच संस्थेची सिव्हिल किंवा टेक्सटाइल ही शाखा आवाक्यात येऊ शकते. पण मुलीला संगणकच हवा असेल तर केवळ नावासाठी तिकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

व्हीईएसआयटी ही सिंधी भाषिक अल्पसंख्याक संस्था आहे. अशा संस्थांमध्ये बऱ्याचशा जागा त्या समाजासाठी राखीव असल्याने इतरांना उरणाऱ्या जागा थोड्या आणि कटऑफ अपेक्षेपेक्षा चढा, हे यादी वाचताना लक्षात ठेवावे.

पसंतीक्रम भरताना ‘मिळेल ते वर’ असा हिशेब करू नये. वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही, म्हणून क्रम निव्वळ आवडीचा असावा. मात्र पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. ‘सुरक्षित’ म्हणून एखादे महाविद्यालय सर्वांत वर टाकणारे पालक दर वर्षी इथेच अडकतात.

पालक, डोंबिवली

आभारी आहे. यादी काढून बसलो आहे. टीएफडब्ल्यूएसचे (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागांचे) कोड वेगळे भरावेत का? आमचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे.

माजी विद्यार्थी, ठाणे

भरावेत, पण शुल्कमाफीसाठी त्यावर विसंबू नये. त्या जागा जेमतेम 5 टक्के असतात आणि प्रवर्ग न पाहता गुणवत्तेने भरल्या जातात, म्हणून तिथला कटऑफ बहुधा नेहमीच्या जागांहून वर जातो. 2024-25 पासून राज्य शासनाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे, तेव्हा साध्या ओबीसी जागेवरही तुमचे काम होईल. अट एवढीच की प्रवेश कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला असावा. संस्थास्तरावरच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला अजून काढला नसेल तर उद्याच तहसील कार्यालयाकडे अर्ज करा, कारण निकालानंतरच्या दिवसांत तिथे रांगा लागतात.