'शेअर्ड युनिव्हर्स'ला मराठीत काय म्हणायचं?

मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांवर, म्हणजे वेगवेगळ्या सिनेमांच्या गोष्टी एकाच जगात घडतात त्या 'शेअर्ड युनिव्हर्स' प्रकारावर, मराठीत लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. 'चित्रपटविश्व' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं सिनेमाच्या धंद्याबद्दल चाललंय, कारण क्रीडाविश्व, नाट्यविश्व, साहित्यविश्व हे शब्द आपण त्या त्या क्षेत्रातल्या माणसांसाठी वापरतो. 'चित्रसृष्टी'चं पण तेच. 'सामायिक विश्व' हा पर्याय आहे पण मला तो फार सरकारी वाटतो. काय वापरू?

---

'कथाविश्व' घ्या ना. समीक्षेत रुळलेला शब्द आहे, अमक्या लेखकाचं कथाविश्व वगैरे.

---

कथाविश्व छान आहे पण त्यात अर्धाच अर्थ येतो. लेखकाचं कथाविश्व म्हणजे त्याची माणसं, विषय, वातावरण, पण त्याच्या एका कथेत कुणी मेलं तर दुसऱ्या कथेत त्याचं सुतक असतं असं नाही. इथे नेमकं तेच असतं. 2012 च्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये न्यूयॉर्कमध्ये जी लढाई होते ती पुढच्याच वर्षी आयर्न मॅन 3 मध्ये टोनीला, म्हणजे खुद्द आयर्न मॅनला, झोपू देत नाही, आणि 2017 च्या स्पायडरमॅनचा व्हिलन तर त्याच लढाईचा मलबा उचलणारा कंत्राटदार असतो, ते काम हातातून गेलं म्हणून वाकड्या वाटेला लागलेला. म्हणजे एका गोष्टीत घडलेलं बाकीच्या गोष्टींत धरलं जातं. मला वाटतं सगळी मेख ह्या 'धरणे' मध्ये आहे. कॅनन कॅनन म्हणतात ते हेच, आणि आपण बोलताना सहज म्हणतोच की, "ती जुनी सिरीज धरायची का?" "नाही, ती धरत नाहीत." लेखात 'ग्राह्य' लिहा.

उलटं उदाहरण पण घ्या. 2019 चा जोकर. पात्र डीसीचंच, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या कंपनीचं, स्टुडिओ तोच, पण सुपरमॅन-बॅटमॅनची जी गोष्ट तेव्हा चालू होती तिच्यात तो धरला जात नाही. अशा सिनेमांना डीसीवाले एल्सवर्ल्ड्स म्हणतात, आपल्याकडे 'सुटी गोष्ट' म्हटलं की झालं. तेव्हा पात्रं एका कंपनीची आहेत एवढ्यावर युनिव्हर्स होत नाही, हे तुमच्या लेखात ठळक येऊ द्या.

---

सामायिकवर एवढ्यात फुली मारू नका हो. जमिनीच्या कागदात भेटतो म्हणून सरकारी वाटतो, पण शाळेत सामाईक विभाजक आपण सगळ्यांनीच काढलेत की! अडचण वेगळी आहे, सामाईक म्हटलं की मालक अनेक असं वाटतं, आणि इथे विश्व सामाईक असतं ते गोष्टींमध्ये, मालक बहुतेक एकच. स्पायडरमॅनचं मात्र खरंच दोन मालकांचं प्रकरण, त्याच्या सिनेमाचे हक्क सोनीकडे, 2015 मध्ये सोनीचा मार्व्हलशी करार झाला तेव्हा कुठे 2016 मध्ये तो कॅप्टन अमेरिकासमोर उभा राहिला. कॉमिक्सच्या पानांवर नेमोर आणि ह्यूमन टॉर्च हे दोन हिरो 1940 मध्येच एकमेकांशी भिडले होते, तिथे कुणाची परवानगी लागली नाही कारण दोघे एकाच प्रकाशकाचे. पडद्यावर आधी वकील भेटतात आणि मग हिरो.

---

एक बारीक मुद्दा, 'मार्व्हलचा युनिव्हर्स' लिहू नका, कानाला खटकतं. विश्व नपुंसकलिंगी, म्हणून युनिव्हर्सपण आपण 'ते' च म्हणतो, मार्व्हलचं युनिव्हर्स. अनेकवचनात मात्र दोन युनिव्हर्स, 'युनिव्हर्सं' मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आणि रीबूटला, म्हणजे आधीचं सोडून गोष्ट पहिल्यापासून सुरू करण्याला, 'नवा डाव' म्हणा. डीसीने 2025 च्या सुपरमॅनपासून केलं ते तेच, जुना डाव मोडून नवा मांडला.

---

नवा डाव फारच आवडला, घेतोय. आणि असं ठरवतोय की पहिल्यांदा 'सामाईक कथाविश्व' लिहायचं, तिथेच 'एकात घडलेलं सगळ्यांत धरलं जातं' हे सांगून टाकायचं, आणि पुढे नुसतं कथाविश्व. आता पोस्ट-क्रेडिट सीन राहिला. 2008 च्या आयर्न मॅनमध्ये नावं संपल्यावर निक फ्युरी हे पात्र येऊन हिरोंच्या टोळीचं, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्सचं बोलतो, ह्या सगळ्याची सुरुवातच तिथून, त्यामुळे तो शब्द टाळता येणार नाही. 'श्रेयनामावलीनंतरचा प्रसंग' लिहून बघितलं, वाक्याचा जीव जातो.

---

'शेपूट' म्हणा. आम्ही मित्र थिएटरात तेच म्हणतो, थांबा रे, अजून शेपूट बाकी आहे.