सीझरची एकच जखम ‘लेतालिस’, मग बाकीच्या बावीस काय खरचटणं?

बारव:
रोमन चरित्रकार स्युटोनियसच्या लॅटिन सीझरचरित्रात सीझरच्या खुनाबद्दल एक वाक्य आहे. अंतिस्तियस वैद्याच्या मते २३ जखमांपैकी एकही ‘लेतालिस’ नव्हती, छातीवरची दुसरी तेवढी सोडून. याचं भाषांतर लोक ‘जीवघेणी’ करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. जीवघेणा उकाडा, जीवघेणी गर्दी असं आपण म्हणतो आणि रात्री घरी येऊन व्यवस्थित जेवतो. लॅटिनमध्ये ‘लेतुम’ म्हणजे मृत्यू, ‘लेतालिस’ हे त्याचं विशेषण. बाकीचे घाव बसले नसते तरी या एका घावाने माणूस गेलाच असता, एवढं त्यात ठाम आहे. वर्णन नव्हे, निकाल आहे तो. मराठीत ‘प्राणांतिक’ त्यातल्या त्यात जवळचा.

अक्षरशत्रू:
साफ अमान्य. खून इ.स.पू. ४४ चा आणि स्युटोनियस लिहितोय दीडशेहून जास्त वर्षांनी. वैद्याने नेमका कोणता शब्द वापरला हे तुम्हाला कुठून कळलं? शिवाय हा शब्द मुळात कवींचा. सिसेरोसारखा गद्यकार ‘मोर्तिफेर’ (मृत्यू आणणारा) म्हणतो. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ महाकाव्याच्या चौथ्या सर्गात प्रेमात पडलेल्या डिडो राणीला बाण लागलेल्या हरिणीची उपमा दिलीय. पारध्याने लांबून बाण सोडला, तो लागला हे त्याला ठाऊकही नाही. ती क्रीटच्या रानातून धावतेय आणि कुशीत रुतलेला बाण, ‘लेतालिस हारुन्दो’. धावतेय म्हणजे जिवंत आहे ना? कुठे गेला तुमचा निकाल?

बारव:
ही तर माझीच बाजू झाली! जिवंत असतानाच बाण लेतालिस, म्हणजे मरण ठरलंय, यायचं तेवढं बाकी. डिडोचंही सर्ग संपेपर्यंत तेच होतं. आणि ‘मोर्तिफेर’ वृत्तात बसत नाही अशी मात्रांची सबब सांगू नका, व्हर्जिलने सहाव्या सर्गात युद्धाला ‘मोर्तिफेर’ म्हटलंच आहे.

काळा_कोट:
कायद्याच्या बाजूने सांगतो. भादंविच्या कलम ३०० मध्ये (आता न्याय संहितेचं १०१) ‘निसर्गक्रमाने मृत्यू यायला पुरेशी इजा’ असा प्रकार आहे. त्यावरचा गाजलेला निकाल विरसा सिंगचा, १९५८. पोटात भाल्याचा एकच घाव, माणूस गेला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. बारव म्हणतात तो अर्थ इथे चपखल बसतो. पण सीझरच्या खटल्यात त्याचा काही उपयोग नाही. समान उद्देश सिद्ध झाला की भादंविच्या कलम ३४ खाली (आता न्याय संहितेचं ३(५)) सगळे सारखेच, कोणाची सुरी छातीत गेली हे कोर्ट विचारत बसत नाही. ब्रूटसला ‘माझी जखम लेतालिस नव्हती’ म्हणून सुटता आलं नसतं.

मधलं_पान:
मग इंग्रजी ‘लेथल’मध्ये ‘थ’ कुठून आला?

अक्षरशत्रू:
विस्मृतीची ग्रीक नदी लेथी, तिच्याशी ‘लेतुम’ची गल्लत झाली. मध्ययुगीन लेखनिकांच्या माथी सगळं मारू नका, घोळ जुना आहे. रोमन अंत्ययात्रेच्या दवंडीत ‘ओल्लुस लेतो दातुस एस्त’ म्हणत, म्हणजे ‘तो मृत्यूला दिला गेला’. हे सांगताना खुद्द रोमन पंडित वारो तिथे ग्रीक विस्मृतीचा शब्द आणतो, आणि वारो सीझरच्याच काळातला.

आता मूळ मुद्दा. लाइप्झिगच्या योहान्नेस बोह्न या वैद्याने १६८९ मध्ये लेतालिस जखमांच्या तपासणीवर अख्खा लॅटिन ग्रंथ लिहिला. त्या काळच्या न्यायवैद्यकात या जखमांचे वर्ग पाडत: निखालस लेतालिस, आणि योगायोगाने, म्हणजे हयगयीने किंवा तापाने, लेतालिस ठरलेल्या. शब्दातच निकाल असता तर त्याला ‘निखालस’ जोडायची वेळ का आली?

बारव:
कारण कोर्टात उलटतपासणी होते! आपणही ‘ठार मेला’ म्हणतोच की. म्हणून नुसता ‘मेला’ म्हटलेला माणूस थोडा जिवंत राहतो का?