अभंग घरी रेकॉर्ड करायचेत: वर्कस्टेशन कीबोर्ड घेऊ की लॅपटॉप पुरेल?

पेटीवाला_सांगली:
नमस्कार मंडळी. आमचं सात जणांचं भजनी मंडळ आहे. पेटी माझ्याकडे, पखवाज मेव्हण्यांकडे, बाकीचे टाळ आणि कोरस. आषाढीच्या आत आठ-दहा अभंग नीट रेकॉर्ड करायचेत. वाद्यांच्या दुकानात गेलो तर मालक म्हणाला, "वर्कस्टेशन कीबोर्ड घ्या, तबला-बासरी-तंबोरा सगळं आत भरलेलं असतं." ऐंशी हजार सांगतोय. घरी मुलीचा जुना लॅपटॉप पडून आहे, ८ जीबी रॅमचा. ती म्हणते, बाबा, यातच होईल. खरंच होईल का? माझं संगणकाचं ज्ञान म्हणजे यूट्यूब आणि लाइटबिल.

खर्ज:
मुलीचं ऐका. कीबोर्डमधलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा तुम्ही त्याच्याच पट्ट्यांवर जे वाजवाल त्याचं असतं. तुमच्या घरात खरी पेटी, खरा पखवाज असताना आत भरलेला पखवाज घेऊन करायचं काय?

आमचाच किस्सा सांगतो. गेल्या कार्तिकीला एक अभंग घेतला. सगळं झकास, आणि शेवटच्या ध्रुवपदाला बुवांना ठसका लागला. पुन्हा गायला घसा तयार नव्हता. मग लॅपटॉपवर दुसऱ्या वेळचं ध्रुवपद उचलून तिथे बसवलं. तोवर लय चढलेली, म्हणून ती ओळ किंचित आखडून घेतली, पट्टी न बदलता. सांध्यावर दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे आधीचा तुकडा विरतो तसा पुढचा चढत येतो. बुवांना अजून कळलेलं नाही! हे जमलं कारण बुवा आधी एकटे गायले होते, टाळ नंतर वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्डिंग म्हणून घेतले. टाळ शेजारी बसवलेत तर गाण्याच्या माइकमध्ये फक्त टाळच ऐकू येतील, हे आत्ताच लिहून ठेवा.

ऑक्टोपॅडवाला:
थांबा, थांबा. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. गणपतीत स्टेजवर लॅपटॉप नेऊन बघा एकदा. ऐन लावणीच्या तोंडावर पडद्यावर 'अपडेट होत आहे, बंद करू नका'. हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय, ढोलकीवाल्याने वेळ मारून नेली. ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) चालू केला की वाजतो. पाऊस, धूळ, जनरेटर, सगळं सोसतो. यंत्राला एकच काम असलं की ते चुकत नाही.

खर्ज:
काका, स्टेजबद्दल शंभर टक्के मान्य. पण यांना कार्यक्रम करायचा नाही, रेकॉर्ड करून दुरुस्त्या करायच्यात.

बफर_१२८:
दोघांच्या मध्ये पडतो. ते 'एकच काम' करणारं यंत्रसुद्धा आतून संगणकच असतं, फक्त त्याचे हात बांधलेले असतात. १९८८ची आकाई एमपीसी ६० घ्या, आवाज भरून पॅडवर वाजवायचं यंत्र. तिच्यावर संगीताच्या अख्ख्या शैलीच्या शैली उभ्या राहिल्या, पण मूळ मेमरीत आवाज मावायचा जेमतेम १३ सेकंदांचा. आज ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी घेतो. सहा मिनिटांचा अभंग, बारा ट्रॅक, म्हणजे पावणेसहाशे एमबीच्या आसपास. जुन्या लॅपटॉपलाही हे काही ओझं नाही. शिवाय तोच लॅपटॉप आज रेकॉर्डर, उद्या तंबोरा, परवा मिक्सर. कीबोर्डमध्ये जे नाही त्यासाठी पुढचं मॉडेल घ्यावं लागतं.

आता पेटीवाल्यांसाठी. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ६० दिवस पूर्ण चालतं, नंतर घरगुती परवाना ६० डॉलरचा. दोन माइक लागतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात माइक खुपसू नका. कंडेन्सर माइक (बाहेरून वीज लागणारा) असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबा, नाहीतर 'माइक बिघडला' म्हणून दुकानात जाल (मी गेलो होतो). हेडफोन वायरवालाच हवा, ब्लूटूथमध्ये आवाज इतका मागे पडतो की टाळ समेवर येणारच नाही.

बफर नावाची सेटिंग दिसेल, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती बारीक नमुने (सॅम्पल) हाताळतो ते. १०२४ सॅम्पल म्हणजे ४४.१ला सुमारे २३ मिलिसेकंद उशीर, १२८ला तीनच्या आत, तेही फक्त एका बाजूचा, आवाज आत येताना किंवा बाहेर जाताना. वाजवताना १२८, करकर आली तर २५६. मिक्सिंगला बसलात की बिनधास्त १०२४.

आणि काका, तुमच्या ऑक्टोपॅडच्या मागे मिडीचं तोंड असेल. मिडी म्हणजे कुठला पॅड किती जोरात वाजला हे दुसऱ्या यंत्राला कळवायची भाषा. मिडी १९८३पासून आहे, आजच्या लॅपटॉपलाही कळतं. एकदा जोडा, पॅडवर हलगीचे तुमचेच रेकॉर्ड केलेले बोल वाजवता येतील.

ऑक्टोपॅडवाला:
आमच्या गावच्या हलगीचे? मग वायर कुठली लागते ते सांगा. फक्त घरी हं, स्टेजवर नाही.

पेटीवाला_सांगली:
आभारी आहे. कीबोर्ड रद्द. इंटरफेस आणि दोन माइक पंचवीस हजारांत बसले. काल पहिला पखवाज घेतला, मेव्हणे खूश. पण मागे सतत घूंऽऽ असा आवाज येतोय. चार्जर काढून बघितला, तरी आहे.

खर्ज:
पंखा चालू होता का?

पेटीवाला_सांगली:
... होता.

खर्ज:
पंखा बंद, खिडकी बंद, मागच्या भिंतीला दोन गोधड्या. आणि पहाटे पाचला घ्या, बुवांचा खर्जही तेव्हाच लागतो.