आईकडून चहा केला जातो: ‘कडून’, ‘जाणे’ आणि इंग्रजीतला व्हॉइस

शेवटचा बाक
लेक नववीत आहे, मराठी माध्यमात. सध्या इंग्रजीत ‘चेंज द व्हॉइस’ चालू आहे. काल तिने वहीत आधी मराठीत करून पाहिलं: ‘आई चहा करते’ याचं ‘आईकडून चहा केला जातो’. तिच्या आजीने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली, “एवढं जड जात असेल तर उद्यापासून मीच करत जाईन.”

हसून झालं, पण दोन प्रश्न उरले. एक, ‘बाय’ला मराठीत ‘कडून’ म्हणायचं हे बरोबर आहे का? दुसरा जास्त अवघड. ‘आईने चहा केला’ हा मराठीच्या तासाला कर्मणी प्रयोग. मग कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं धरून तिने चाचणीत या वाक्याचं इंग्रजी ‘टी वॉज मेड बाय मदर’ असं केलं आणि तिचा एक गुण गेला. उत्तर होतं ‘मदर मेड टी’. तिचं म्हणणं, मग मराठीच्या बाई चुकीचं शिकवतात की इंग्रजीचे सर?

कानामात्रा
दोघंही बरोबर आहेत. तुमच्या लेकीची फसगत झाली ती ‘कर्मणी’ आणि ‘पॅसिव्ह’ या दोन शब्दांना जुळी भावंडं समजल्यामुळे. ती फार तर चुलत भावंडं आहेत.

मराठीत प्रयोग ठरतो क्रियापद कोणाच्या मागे जातं त्यावरून. आईने चहा केला, आईने पोळी केली, आईने थालीपीठ केलं. आई तीच, पण क्रियापदाचं लिंग बदललं ते चहा, पोळी, थालीपीठ यांच्यामुळे. म्हणून कर्मणी. पण वाक्य कोणाबद्दल आहे? आईबद्दलच. करणारी समोर आहे आणि कौतुकही तिचंच. इंग्रजीच्या व्हॉइसमध्ये प्रश्न असतो तो हा: वाक्याच्या पुढच्या खुर्चीवर कोण बसलंय, करणारा की ज्याचं केलं गेलं तो? ‘मदर मेड टी’मध्ये खुर्चीवर आई आहे, म्हणून ते अ‍ॅक्टिव्ह. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की आपल्याकडे बहुतेक वेळा ‘ने’ लागणारच, तिथे आपल्याला निवड नाही. इंग्रजीत मात्र अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह हे बोलणारा ठरवतो.

‘रामाने रावणाला मारले’ घ्या. इथे तर क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही, म्हणून भावे. इंग्रजीत हेही सरळ अ‍ॅक्टिव्हच.

मग इंग्रजी पॅसिव्हच्या खरोखर जवळचं आपल्याकडे काय? ‘रावण रामाकडून मारला गेला’. शाळेच्या व्याकरणात याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात, आणि उदाहरणही वर्षानुवर्षं हेच. बिचारा रावण दर इयत्तेत मारला जातो. यातलं ‘गेला’ नीट बघा, कारण सगळे काळ त्याच्यातच आहेत.

इंग्रजीत पॅसिव्ह करताना मूळ क्रियापदाचं तिसरं रूप एकदा ठेवलं की ते हलत नाही. काळ बदलतो तो ‘बी’मध्ये: इज, वॉज, इज बीइंग, हॅज बीन. आपल्याकडे हेच काम ‘जाणे’ करतं. ‘लिहिलं’ जागेवर राहतं, ‘जाणे’ काळाप्रमाणे कपडे बदलतं. पत्र लिहिलं जातं, म्हणजे इज रिटन. लिहिलं जात आहे, म्हणजे इज बीइंग रिटन. लिहिलं गेलं, वॉज रिटन. लिहिलं जात होतं, वॉज बीइंग रिटन. लिहिलं गेलं आहे, हॅज बीन. लिहिलं गेलं होतं, हॅड बीन. लिहिलं जाईल, विल बी. लिहिलं गेलं असेल, विल हॅव बीन. शाळेत व्हॉइस बदलायला सांगतात ते हेच आठ काळ. मुलीला तक्ता पाठ करायला लावू नका. ‘जाणे’ची आठ रूपं तिच्या तोंडात जन्मापासून आहेत, फक्त समोर ‘बी’ची रूपं मांडायची.

मुलं हमखास गाळतात ते ‘बीइंग’. ‘शी इज रायटिंग अ लेटर’चं घाईत ‘अ लेटर इज रिटन’ करून मोकळी होतात. तिथे मराठीत विचारायचं: लिहिलं जातं की लिहिलं जात आहे? ‘जात आहे’ असेल तर ‘बीइंग’ पाहिजेच. तिला सांगायला एक गंमतही आहे. हे ‘इज बीइंग’ इंग्रजीतही तसं नवंच, अठराव्या शतकाच्या शेवटी रुळू लागलेलं. त्याआधी घर बांधलं जात असेल तर इंग्रज ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणायचे. ‘इज बीइंग बिल्ट’ हे कानाला टोचतं म्हणून एकोणिसाव्या शतकात तिकडच्या व्याकरणवाल्यांनी पुष्कळ नाकं मुरडली होती. तेव्हा तुमच्या लेकीला ते अडखळवत असेल तर ती चांगल्या संगतीत आहे.

अर्धविराम
बारा काळांतले उरलेले चार का नाहीत, हे कोणी सांगत नाही. आमच्या वेळी ‘त्यांचं पॅसिव्ह होत नाही’ एवढंच लिहून दिलं होतं.

कानामात्रा
होत नाही असं नाही, होतं ते तोंडात बसत नाही. ‘विल बी बीइंग’, ‘हॅज बीन बीइंग’. ‘बी’च्या मागे पुन्हा ‘बी’. इंग्रज माणूस तिथे वाक्यच फिरवतो. आपल्याला मात्र यात काहीच अडचण नाही! ‘आत्ता तिकडे पालखी उचलली जात असेल’ हे विल बी बीइंग, आणि आपण ते सहज बोलतो. ‘ही प्रथा आजोबांपासून पाळली जात आली आहे’, हे हॅज बीन बीइंग. इथे इंग्रजी नुसतं ‘हॅज बीन फॉलोड’ म्हणून सुटका करून घेतं.

आता ‘कडून’. इथे माझं मत जरा कडक आहे. ‘बाय’ दिसलं की ‘कडून’ चिकटवायची सवय सोडावी, कारण मराठी ‘कडून’ला स्वतःचा स्वभाव आहे. मामाकडून पैसे आले, इथे ती वस्तूची वाट आहे. मुलांकडून पाढे म्हणून घेतले, इथे करवून घेणं आहे. कार्यालयाकडून पत्र आलं, इथे संस्था बोलते आहे. आणि माझ्याकडून चूक झाली, इथे हात झटकणं आहे: झालं खरं, पण मुद्दाम केलं नाही. ‘माझ्याकडून लाडू खाल्ला गेला’ असं एकादशीच्या दिवशी म्हणतात, तोंड पाडून. त्यामुळे ‘आईकडून चहा केला जातो’ वाचताना आजीला खटकलं ते योग्यच. त्या वाक्यात आईचा चहा अपराधासारखा किंवा सरकारी योजनेसारखा वाटतो.

अर्धविराम
‘बोललं गेलं’ विसरलात. “काल माझ्याकडून जरा जास्तच बोललं गेलं.” क्रियापदाला कर्म नाही तरी चालतं. ‘काल दुपारी झोपलं गेलं’ तर आमच्या घरी रोजचंच. इंग्रजीत ‘स्लीप’चं असं पॅसिव्ह करून दाखवा.

कानामात्रा
अगदी. तिथे कर्मच नसल्यामुळे पुढच्या खुर्चीवर बसवायला कोणी उरत नाही, म्हणून इंग्रजीत दार बंद. आपलं ‘जाणे’ काळाबरोबर ‘नकळत’ हा अर्थही वाहतं, त्यामुळे ते अकर्मकालाही चालतं. म्हणून तर ‘लिहिलं गेलं’ हे वहीत ‘वॉज रिटन’, पण बोलण्यात ‘भलतंच लिहून बसलो’.

आणखी एक. इंग्रजी पॅसिव्ह मराठीत आणताना दर वेळी ‘जाणे’ हवंच असं नाही. आपल्याकडे जोड्या आहेत: फोडणे–फुटणे, तोडणे–तुटणे, फाडणे–फाटणे, सोडणे–सुटणे, पाडणे–पडणे. ‘द ग्लास वॉज ब्रोकन बाय हर’चं ‘तिच्याकडून ग्लास फोडला गेला’ करणाऱ्याला मी शाबासकी देणार नाही. मुद्दाम केलं असेल तर ‘तिने ग्लास फोडला’. चुकून असेल तर ‘तिच्या हातून ग्लास फुटला’. ‘हातून’ किती नेमका शब्द आहे! ‘द रोड हॅज बीन रिपेअर्ड’चं ‘रस्ता दुरुस्त झाला’ पुरतं. ‘करण्यात आला आहे’ हे सूचनाफलकावर शोभतं, तिथे करणारा लपवायचाच असतो.

मात्र करणारा माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल तेव्हा ‘जाणे’ उत्तम. ‘लढाईत हजारो मारले गेले.’ ‘इथे जुनी पुस्तकं विकत घेतली जातात.’ यांत ‘कडून’ नाही, हे लक्षात घ्या. इंग्रजीतही बऱ्याचदा ‘बाय’ गाळतात.

शेवटचा बाक
हे सगळं वाचून दाखवलं. लेक विचारते, शाळेत त्याला ‘नवीन’ कर्मणी म्हणतात, मग जुनं कुठे आहे?

कानामात्रा
पोरगी हुशार आहे. जुनं होतं ‘ज’ लावून: किजे, बोलिजे, म्हणजे केलं जातं, बोललं जातं. शाळेत त्याला पुराण कर्मणी म्हणतात, संतांच्या ओव्यांत जागोजागी सापडेल. ते गेलं असं आपण म्हणतो, पण एक रूप रोज तोंडात असतं: ‘पाहिजे’. ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप, मूळ अर्थ ‘पाहिलं जातं’. पाहणं म्हणजे शोधणं, तिथून ‘हवं असतं’वर आलं. तिला सांगा, ‘मला चहा पाहिजे’ म्हणताना ती शेकडो वर्षांपूर्वीचं पॅसिव्ह वापरते आहे.

शेवटचा बाक
सांगितलं. आता ती दर अर्ध्या तासाने पॅसिव्हचा सराव करते आहे आणि चहा आजीच्या हातून केला जातो आहे. की आजी करते आहे?

अर्धविराम
आजी करते आहे. आणि दोन कप जास्तीचे.